मुकादमीणबाई आणि न्हाणीघरातली कोल्हीण

रस्ता गाव सोडून झाडीत शिरतो तिथे, डांबराची पिंपं आणि खडी ठेवायच्या शेडला लागून, एक बसकं घर आहे. त्या घराच्या न्हाणीघरात निवांत आंघोळ करायला मिळणं ही एके काळी नशिबाची गोष्ट होती. कधी तिथे पंख मोडलेलं घुबड डोळे वटारून बसलेलं असायचं, कधी घमेल्यात पाठ फुटलेलं कासव, तर कधी कोपऱ्यातल्या खोक्यात मागच्या पायांनी अधू झालेला ससा. मग घरची माणसं स्वयंपाकघरात चादर आडवी बांधून, अंग चोरून, तांब्या-तांब्याने आंघोळ उरकायची. "आमच्याकडे आधी पाहुणे, मग घरधनी," असं घरची बाई शेजारणीला सांगायची. सांगताना कपाळाला आठ्या असायच्या, पण आवाजात तक्रार नसायची.

ही घरची बाई म्हणजे मुकादमीणबाई. त्यांना नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. मुलगा आई म्हणतो, बाकी सगळे मुकादमीणबाई नाहीतर काकू. नावाने हाक मारणारे मुकादम गेल्या थंडीत गेले.

मुकादम रस्त्याचे. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत कापायचं, वाऱ्याने आडवं झालेलं झाड बाजूला करायचं, हे त्यांच्या टोळीचं नेमून दिलेलं काम. न नेमलेलं काम एक होतं आणि ते एकट्या मुकादमांचं होतं. रोज उजाडताना, गाड्यांची वर्दळ वाढायच्या आत, ते जीपमध्ये फावडं, जाड हातमोजे, एक जुनं पांघरूण आणि भोकं पाडलेला खोका टाकून आपल्या हद्दीत एक फेरी मारायचे. गाड्यांखाली आलेली जनावरं रस्त्यावर पडलेली असत. मेलेलं असेल ते फावड्याने उचलून चांगलं आत झुडपात नेऊन ठेवायचं. धुगधुगी असेल ते पांघरुणात गुंडाळून घरी आणायचं.

"मेलेल्याला हलवून काय मिळतं हो तुम्हाला?" बाईंनी नव्या नवरी असताना विचारलं होतं.

"मेलेल्याचं काही नाही गं. त्याला खायला येणारे अजून जिवंत आहेत ना! सशासाठी घार उतरते, घारीवर गाडी जाते, घारीसाठी कोल्हा येतो. एक उचलला की मागची रांग वाचते."

एरवी मुकादम म्हणजे बोलण्याचा धबधबा. बूट काढायच्या आधी "अगं, ऐकलंस का" सुरू, ते थेट डोळे मिटेपर्यंत. पण न्हाणीघराचा उंबरा ओलांडला की तोंडाला कुलूप. रानातल्या जनावराशी बोलायचं नाही, त्याला नाव द्यायचं नाही, कामाशिवाय हात लावायचा नाही. "माणसाच्या आवाजाची भीती हीच त्याची जमापुंजी," ते म्हणायचे. "ती आपण काढून घेतली तर पाय बरा करून काय उपयोग? रस्त्याच्या मधोमध उभं राहील नि गाडीवाल्याकडे मायेने बघत बसेल."

त्यामुळे न्हाणीघरात दोघं नवरा-बायको हातवाऱ्यांनी बोलत. चिमूट दाखवली की थोडं, मूठ वळली की घट्ट धर, भुवया वर गेल्या की आता तू. एकदा तर सकाळपासून कडाक्याचं भांडण झालेलं. ते कशावरून, हे बाईंना आज विचाराल तर आठवणार नाही. अबोला चालू असतानाच एक बगळा आला. बाईंनी पंख धरला, मुकादमांनी पट्टी गुंडाळली, आणि गुंडाळून झाल्यावर त्यांनी बायकोपुढे दोन्ही कान पकडले. बाईंना फिस्सकन हसू आलं. त्या हसण्याने बगळा दचकला आणि त्याने मुकादमांच्या हातावर अशी काही चोच मारली की बिचाऱ्यांना "आई गं" सुद्धा मुक्यानेच म्हणावं लागलं.

असा संसार. तो माणूस गेला आणि घर एकदम एवढं गप्प झालं की घड्याळाचा सुद्धा आवाज बाईंना उद्धटपणाचा वाटायला लागला. सुरुवातीला लोक सवयीने जखमी पाखरं घेऊन दारात यायचे. बाई दार अर्धवट उघडून सांगायच्या, "ते दुकान बंद झालं, बाबा. डॉक्टरांकडे ने." हळूहळू लोक यायचे थांबले. न्हाणीघर कोरडं, स्वच्छ राहू लागलं. वाटेल तेवढा वेळ आंघोळ करा, कोणी अडवत नव्हतं. बाईंना मात्र तिथे दोन तांब्यांपलीकडे थांबवेना.

आणि एका सकाळी खडीचा ट्रक दाराशी येऊन उभा राहिला. ट्रकवाला मुकादमांच्या ओळखीतला, आडदांड गडी. त्याने स्वतःचं जाकीट दोन्ही हातांत तान्ह्या मुलासारखं धरलं होतं.

"काकू, नाही म्हणू नका."

"काय आहे?"

"कोल्हीण. लहान आहे अजून. वळणावर दोन दिवसांपासून ससा मरून पडलाय, कोणी उचलला नाही. त्याला खायला आली असेल. गाडी माझी नव्हती हं, शपथ घेतो. माझ्या पुढच्या गाडीने उडवली नि तो थांबला पण नाही."

"दुकान बंद आहे रे."

"मग मी हिला नेऊ कुठे? माझ्या बायकोपुढे नेली तर ती आम्हा दोघांनाही हाकलून देईल. मला तर ती तशीही निमित्तच शोधत असते."

बाईंनी जाकीट जरा बाजूला केलं. दोन पिवळट डोळे. मागचा डावा पाय नको तिथे वाकलेला. आणि बाईंना वाटलं ते कोल्हिणीविषयी नव्हतंच. कोणी उचलला नाही, एवढंच त्यांच्या काळजात रुतलं. मुकादम असते तर तो ससा पहिल्याच सकाळी झुडपात गेला असता.

"आत आण," त्या म्हणाल्या. "आणि न्हाणीघरात गेल्यावर तोंड उघडायचं नाही."

जनावरांच्या डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी, चटपटीत आणि थोडी फटकळ. तिने येऊन पाय बसवला, पट्टी बांधली, औषधं दिली. "अंधार, शांतता आणि पोटभर खाणं. हाड जुळलं की रानात सोडायची. तुम्हाला काय सांगायचं, काकू, तुमची तर यात हयात गेली." बाईंनी मान डोलावली. त्यांना सगळं ठाऊक होतं.

घरात मांस शिजत नसे, पण कोल्हिणीला काय देवाला ठेवलेली फळं चालणार? बाई स्वतः खाटकाच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. खाटकाने सुरी खाली ठेवली. "काकू, तुम्ही? या वयात?"

"माझ्यासाठी नाही रे बाबा. पाहुणी आहे."

"मग पाहुणीला बरोबर आणायचं. तिने स्वतः मटण पसंत करून घेतलं असतं."

"ती आली तर तुझं दुकानच उचलून नेईल," बाई म्हणाल्या, आणि फार दिवसांनी वाटेत एकट्याच हसल्या.

पहिले काही दिवस सगळं रीतसर चाललं. वाटी आत सरकवायची, पाणी बदलायचं, खोक्यातले घाण कागद उचलायचे आणि मुकाट बाहेर यायचं. मग एका संध्याकाळी कोल्हिणीने खाण्याकडे पाठ फिरवली. वाटी तशीच. बाई उंबऱ्यात खोळंबून उभ्या राहिल्या आणि कळायच्या आत शब्द निसटला, "खा गं."

खोक्यातला एक कान वळला.

एवढंच झालं. पण कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणाचा तरी कान त्यांच्या शब्दाकडे वळला होता. बाईंना गलबलून आलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि देवाजवळ जाऊन कबुली दिली, चुकले, पुन्हा नाही.

पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळीच झालं. एक शब्द गेला की दुसऱ्याला वाट मिळते. "खा गं"चं "खा गं बाई, गार होईल" झालं, त्याचं "आज वारा बघ कसला सुटलाय" झालं. आठवडा उलटायच्या आत बाई बादली पालथी घालून तिच्यावर बसायला लागल्या. संध्याकाळची प्रार्थना देवाच्या खोलीत व्हायची ती न्हाणीघरात होऊ लागली. देवाला काय, सगळीकडे ऐकू येतं! प्रार्थना झाली की गप्पा. शेजारणीने नवीन पडदे घेतले ते कसे भडक आहेत. मुलगा शहरात ये म्हणतो, पण त्याच्या घरात तीनही माणसं आपापल्या फोनशी बोलतात, तिथे जाऊन तरी काय. आणि मग मुकादम. ते कसे चालायचे, कसे शिंकायचे, भाजीत मीठ कमी असलं तर न बोलता मिठाची बरणी कशी पुढ्यात ओढायचे. सगळं सांगायच्या. कोल्हीण खोक्याच्या काठावर हनुवटी टेकून ऐकायची. पुढे पुढे ती लंगडत खोक्याबाहेर येऊन बाईंच्या पायांपासून हातभर अंतरावर बसू लागली.

हात मात्र बाईंनी एकदाही लावला नाही. तेवढं पाळतोय म्हणजे बाकीचं चालून जाईल, अशी स्वतःची समजूत घातली होती.

डॉक्टर पट्टी बदलायला आली तेव्हा कोल्हीण नळाच्या मागे आक्रसून बसली, दात विचकून गुरगुरली. "शाबास! अशीच हवी," डॉक्टर खूश झाली. "काकू, जरा ते हातमोजे द्या."

"हे घे," बाई म्हणाल्या.

नळामागून कोल्हीण उठली. गुरगुरणं विसरली. शेपूट हलवत, लंगडत, थेट बाईंसमोर येऊन बसली आणि तोंडाकडे बघत कुईकुई करू लागली, जणू काल अर्धवट राहिलेली गोष्ट पुढे सांगा.

डॉक्टरने हातमोजे खाली ठेवले. "काकू, तुम्ही हिच्याशी बोलता?"

"छे!"

कोल्हिणीने "छे" ऐकून आणखी जोरात शेपूट हलवली.

दोघी स्वयंपाकघरात आल्या. दार लावून घेतलं. डॉक्टर चिडली नव्हती, ते बाईंना जास्त लागलं. ती हळू आवाजात म्हणाली, "काकू, मला कळतं हो. पण ही आता सोडली तर पहिलं अंगण दिसेल तिथे जाऊन उभी राहील. कोंबड्या पाळणारा काठी घेऊन बाहेर येईल, शिव्या देईल, आणि हिला वाटेल आपल्याशी बोलतोय."

"मग ठेवते मी हिला. इथेच."

"न्हाणीघरात? आयुष्यभर?" डॉक्टरने बाईंकडे पाहिलं. "हिला कोणी जोडीदार नको? पिल्लं नकोत? तुम्हाला सोबत होईल, पण तिचं काय?"

बाई ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"अजून वेळ गेलेली नाही," डॉक्टर म्हणाली. "वयाने लहान आहे, विसरेल. पण आजपासून एक अक्षर नाही. नुसतं न्हाणीघरातच नाही, घरात कुठेच नाही. तिचे कान तुमच्या-माझ्यासारखे नाहीत. आणि सोडायच्या दिवशी तिला हाकलायचं. ओरडून, भीती घालून. माझ्या ओरडण्याचा उपयोग नाही, मला ती तशीही घाबरते. ते तुम्हालाच करावं लागेल."

त्यानंतरचे दिवस बाईंना जन्मठेपेसारखे गेले. मुलाचा फोन आला की त्या तो घेऊन रस्त्यापलीकडच्या झाडाखाली जायच्या. "आई, गाड्यांचा आवाज कसला येतोय? तू घरात का नाहीस?" तो विचारायचा. "घरात पाहुणी झोपलीय," एवढंच त्या सांगायच्या. भांडी सुद्धा न वाजवता घासायच्या. प्रार्थना ओठांतल्या ओठांत. आणि संध्याकाळ झाली की न्हाणीघराच्या दारामागून सुरू व्हायचं, आधी नखांनी खरवडणं, मग बारीक, लांबवलेली कुईकुई. बाई दाराच्या अलीकडे जमिनीवर बसून राहायच्या, तोंडावर हात दाबून. इतकं काही सांगायचं साठलेलं असायचं! एकदा त्यांनी देवाला मनातल्या मनात विचारलं सुद्धा, तू पण इतकी वर्षं माझ्याशी बोलत नाहीस ते अशाच कारणाने का रे? मग स्वतःच्या आगाऊपणाची लाज वाटून त्यांनी क्षमा मागितली.

हळूहळू दारामागचा आवाज कमी झाला. एक संध्याकाळ अशी आली की खरवडणं झालंच नाही. हवं होतं तेच झालं होतं. बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

हाड जुळलं. एका सकाळी डॉक्टरची जीप आली. पिंजरा मागे ठेवला आणि दोघी रस्ता सोडून, ओढा ओलांडून, जिथे गाडी पुढे जाईना तिथपर्यंत गेल्या. डॉक्टरने पिंजऱ्याचं दार उघडलं आणि ती जीपमागे जाऊन उभी राहिली. कोल्हीण बाहेर आली. वास घेतला, चार पावलं टाकली. पाय थोडा आखडत होता, पण चारही टेकत होते. मग ती वळली. बाईंना पाहिलं. आणि आली ना परत! येऊन समोर बसली.

"जा," बाई म्हणाल्या.

कान ताठ. शेपूट हलली.

"जा गं. जा आता."

"काकू," जीपमागून आवाज आला, "हाकलताय की जेवायला बोलावताय?"

बाईंच्या तोंडात जन्मात शिवी बसली नव्हती. फार संताप झाला तर "शोभतं का हे?" इथवर त्यांची मजल. त्यांनी आवाज चढवून पाहिला. "चालती हो! अवदसे! करंटे!" शब्द शिव्यांचे, पण सूर अंगाईचा. कोल्हीण मान वाकडी करून ऐकत होती. तिला हा आवाज इतक्या दिवसांनी पुन्हा मिळाला होता, शब्दांशी तिला काय करायचंय? ती आणखी एक पाऊल पुढे आली.

त्या एका पावलाने बाईंच्या आत काहीतरी फुटलं. त्यांनी ढेकूळ उचललं आणि तिच्या पुढ्यात आपटलं. "जा म्हणते ना! काय बघतेस? मी नाही तुझी कोणी! सगळे जातात, सांगून नाही की सवरून नाही, तू कोण मोठी राहणारी लागून गेलीस? जा मला टाकून! जा!" आवाज फाटला. असा आवाज त्यांनी मुकादमांना उचलून नेलं तेव्हाही काढला नव्हता. तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, आणि बाईंनी सगळ्यांना पाणी दिलं होतं.

कोल्हीण दचकून उडाली. पोट जमिनीला लावून, कान पाठीवर टाकून, गवतात शिरली. टोकाशी एकदा थांबली. गवत हलेनासं झालं. तिने वळून पाहावं असं बाईंना वाटत होतं आणि पाहू नये म्हणून त्या देवाचा धावा करत होत्या. दोन्ही एकाच श्वासात. त्यांनी दुसरं ढेकूळ उचललं, डोळे मिटले आणि सगळा जोर लावून फेकलं.

डोळे उघडले तेव्हा गवत सरळ उभं होतं.

परत येताना ओढ्यापाशी गाडी थांबवून डॉक्टरने पाण्याची बाटली पुढे केली. "कुठे शिकलात हो इतकं छान ओरडायला?" बाई रडता रडता हसल्या आणि हसता हसता पुन्हा रडल्या.

त्यानंतर रस्त्यावर करकचून ब्रेक वाजला की बाईंच्या हातातलं काम गळून पडायचं. उजाडलं की त्या वळणापर्यंत चालत जायच्या. काही दिसू नये म्हणून जायच्या, आणि काही दिसलं नाही की रिकाम्या मनाने परतायच्या. नवीन मुकादमाला त्यांनी शेडमध्ये गाठून झापलं, की बाबा, खड्डे बुजवतोस तसा मेलेला ससाही उचलत जा, हात झिजणार नाहीत. तो बिचारा "हो काकू, हो काकू" करत राहिला. पण उचलायला लागला खरा.

गवत कापणीला आलं तेव्हा एका सकाळी खडीचा ट्रक पुन्हा दारात थांबला. ट्रकवाला खाली उतरला. त्याचे हात मोकळे होते, ते बाईंनी आधी पाहिलं.

"काकू, तुमची पाहुणी दिसली."

बाईंनी दाराची चौकट धरली. "कशी?"

"उभी होती की! ओढ्याकडच्या उतारावर. मागचा डावा पाय जरासा आखडून चालते, तीच. अंगावर काय तकाकी आलीय! मी ट्रक थांबवला, काच खाली केली. म्हटलं ओळख देईल. शीळ घातली, चुचकारलं, 'ये गं, ये गं' केलं, माझ्या डब्यातला तुकडा पण दाखवला."

"मग?"

"मग काय! माझा आवाज कानावर पडला नि जी धूम ठोकली! ढुंकून बघितलं नाही, काकू. एवढं मी तिला जाकिटात गुंडाळून आणली, जाकिटाचा वास अजून जात नाही, बायको रोज टोमणे मारते. बेइमान जात!"

"कुठे पळाली? रस्त्याकडे?"

"छे, रस्त्याकडे कशाला? वर, झाडीत. पार दिसेनाशी होईपर्यंत."

बाईंनी दार पूर्ण उघडलं, त्याला खुर्ची दिली, चहा टाकला. पाणी उकळेपर्यंत ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मग कप त्याच्या हातात देऊन त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "आता नीट सांग. अगदी सुरुवातीपासून. तू हाक मारलीस आणि ती कशी पळाली?"